दहा डॉलरचा कर, शहराच्या हाती सव्वा डॉलर

सॅन होजेतल्या भारतीय किराणा दुकानातून बाहेर पडताना पावती पिशवीत कोंबण्याआधी एकदा वाचून बघा. तूरडाळ, तांदूळ, कोथिंबिरीच्या दोन जुड्या यांच्यापुढे कर काहीच नाही. पण त्याच पिशवीत कुकरची रिंग आणि उदबत्तीचा पुडा असेल, किंवा जाता जाता काउंटरवरून गरम समोसे घेतले असतील, तर त्या ओळींवर कर लागलेला दिसेल. कॅलिफोर्नियात घरी शिजवायच्या अन्नधान्याला आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांना विक्रीकर नाही. भांडी, कपडे, फोन, गाडी, हॉटेलातलं गरम जेवण यांना आहे. सॅन होजेत १ एप्रिल २०२६ पासून या कराचा दर बरोबर १० टक्के झाला.

म्हणजे १०० डॉलरचा कुकर घेतला की १० डॉलर कर. पावतीवर ही एकच ओळ असते, आणि आपण ती सरकारची म्हणून सोडून देतो. खरं तर त्या एका ओळीत पन्नासेक वर्षांतली कितीतरी मतदानं एकावर एक रचलेली आहेत. ती सुटी करून बघितली की इथली शहरं कशावर चालतात हे कळतं, आणि दर दोन वर्षांनी टपालानं येणाऱ्या मतपत्रिकेवरचे ते ‘मेझर ए’, ‘मेझर बी’ असे स्थानिक प्रस्ताव काय मागत असतात हेही कळतं.

त्या दहा डॉलरांतले ७ डॉलर २५ सेंट कॅलिफोर्नियाभर सगळीकडे सारखेच लागतात. त्यातले ६ डॉलर राज्याकडे जातात. त्यांतलाही काही भाग राज्य काउंट्यांना (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आणि शहरांना परत देतं. उदाहरणार्थ १९९३ साली मतदारांनी मंजूर केलेला अर्धा टक्का पोलीस, अग्निशमन अशा सार्वजनिक सुरक्षेच्या कामांसाठी असतो. उरलेल्या सव्वा डॉलरपैकी २५ सेंट काउंटीच्या वाहतुकीला, आणि १ डॉलर ज्या शहरात विक्री झाली त्या शहराला. शहराचा हा १ डॉलर १९५५ च्या राज्य कायद्यानं घालून दिलेला आहे.

आता राहिले २ डॉलर ७५ सेंट. हे सगळे स्थानिक मतदारांनी स्वतःवर लावून घेतलेले आहेत. सँटा क्लॅरा काउंटीतल्या सार्वजनिक वाहतुकीसाठी १९७६ साली अर्धा टक्का. बार्ट रेल्वे सॅन होजेपर्यंत आणायची म्हणून २००० साली आणखी अर्धा. ती आली की चालवायला पैसे लागतील म्हणून २००८ साली एक अष्टमांश. रस्ते आणि वाहतुकीसाठी २०१६ साली पुन्हा अर्धा. कॅलट्रेन ही लोकल रेल्वे करोनात बुडू नये म्हणून २०२० साली एक अष्टमांश. काउंटीच्या सर्वसाधारण खर्चासाठी २०१२ साली एक अष्टमांश, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं गरिबांच्या आरोग्य विम्याला कात्री लावल्यावर काउंटीची रुग्णालयं तगावीत म्हणून पाच अष्टमांश. या सगळ्यांत सॅन होजे शहराचा स्वतःचा फक्त पाव टक्का आहे, २०१६ च्या जूनमध्ये मंजूर झालेला, १५ वर्षांसाठी.

आता शहराच्या वाट्याची बेरीज करा. कायद्यानं मिळणारा १ डॉलर आणि मतदारांनी दिलेले २५ सेंट. दहा डॉलरांतले सव्वा डॉलर. रात्री-अपरात्री दार ठोठावणारा पोलीस, आगीचा बंब, कोपऱ्यावरची लायब्ररी, मुलं खेळतात ती बाग हे सगळं जे शहर सांभाळतं, त्याच्या हाती एवढंच पडतं. कर वाढला म्हणून शहराकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही बेरीज दाखवतो.

एक शब्द इथेच समजून घेऊ. लोक बोलताना ‘हाफ सेंट’ म्हणतात. म्हणजे दर डॉलरमागे अर्धा सेंट, अर्थात अर्धा टक्का. ऐकायला चिल्लर वाटतं. पण ४०,००० डॉलरची गाडी घेतली तर ते २०० डॉलर होतात. आणि शेजारच्या कमी कराच्या शहरातून गाडी घेऊन हे वाचवता येत नाही, कारण गाडीवरचा स्थानिक कर ती ज्या पत्त्यावर नोंदवली जाते तिथल्या दरानं लागतो. दर वर्षी कुणीतरी उत्साहानं दूरच्या डीलरकडे जातं आणि कागदपत्रं करताना हिरमुसतं.

सगळं सुरू झालं १९७८ पासून

शहराचा खर्च भागवायला विक्रीकरच का? घरपट्टी का नाही? आपल्याकडे नगरपालिका म्हटलं की आधी घरपट्टीच आठवते.

इथेही पूर्वी तसंच होतं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती भराभर चढल्या, त्यांच्याबरोबर मालमत्ता करही चढला. घर तेच, उत्पन्न तेच, पण कराचं बिल दरवर्षी फुगत चाललेलं. पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसं घाबरली, आणि ती भीती खरी होती. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या दोघांनी सह्या गोळा करून प्रॉपोझिशन १३ हा राज्यभराचा प्रस्ताव मतदानाला आणला. ६ जून १९७८ रोजी जवळजवळ ६५ टक्के लोकांनी तो मंजूर केला.

त्यानं तीन गोष्टी केल्या. मालमत्ता कराचा मूळ दर घराच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधला. ती किंमतसुद्धा कागदोपत्री वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढेल असं ठरवलं. घर विकलं गेलं की मगच नवी किंमत लागू. आणि स्थानिक सरकारांना एखाद्या ठरावीक कामासाठी कर लावायचा असेल तर दोन तृतीयांश मतदारांची संमती सक्तीची केली.

दुसरी गोष्ट किती खोल गेली हे एका गल्लीत कळतं. एका कुटुंबानं १९७८ साली १ लाख डॉलरला घेतलेलं घर आज कागदावर अडीच लाखांच्या आसपास असेल, कर साधारण २,५०० डॉलर. त्याला लागून असलेलं तसंच घर आज कुणी १५ लाखांना घेतलं तर कर १५,०००. दोघांचा कचरा एकच गाडी नेते, दोघांकडे एकच बंब येतो. म्हातारपणी घर सुटू नये ही इच्छा मला पूर्ण मान्य आहे. पण तिची किंमत नव्यानं आलेल्यांनी आणि शहरांच्या तिजोरीनं मोजली आहे, हे बोलायला हवं.

तेव्हा मालमत्ता कराचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून जास्त घसरलं. जो १ टक्का उरला तोही एकट्या शहराचा नाही. शाळा, काउंटी आणि वेगवेगळे विशेष जिल्हे, म्हणजे एकेका कामापुरत्या स्थानिक संस्था, यांच्यात तो वाटला जातो. शहरांना आपल्या मर्जीनं तो वाढवता येत नाही. मग ज्या दारातून पैसा येऊ शकतो असं एक दार उघडं राहिलं: मतदारांपुढे जाऊन विक्रीकरात पाव-अर्धा टक्का मागणं. १९९६ च्या प्रॉपोझिशन २१८ नं हे दारही राज्यघटनेत नीट बांधून टाकलं. कोणताही नवा स्थानिक कर, मग तो कितीही छोटा असो, मतदारांना विचारल्याशिवाय लावता येणार नाही.

मुंबईत वाढलेल्या वाचकाला हे अगदी उलटं वाटेल. मुलुंड किंवा दहिसरच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा लावणारी जकात मुंबई महापालिकेचा कणा होती, आणि ती किती असावी हे कधी कुणी मुंबईकराला मत देऊन ठरवायला सांगितलं नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, आणि तेव्हापासून राज्य सरकार कायद्यानं ठरलेली भरपाई महापालिकेला देतं. तिथे शहर पैशासाठी राज्याकडे बघतं. इथे शहर पैशासाठी मतदाराच्या दारात उभं राहतं.

पन्नास टक्के की सहासष्ट

आता या सगळ्याचा गाभा. हे एवढं एक कळलं तरी मतपत्रिका वाचायची नजर बदलते.

कर दोन जातींचे असतात. एक सर्वसाधारण कर. त्याचा पैसा शहराच्या मोठ्या खात्यात जातो, आणि तिथून कशावर खर्च करायचा ते दरवर्षी सिटी कौन्सिल, म्हणजे शहराचं निवडून आलेलं मंडळ, ठरवतं. दुसरा विशेष कर. त्याचा पैसा ज्या कामासाठी मागितला त्याच कामावर खर्च करणं कायद्यानं बंधनकारक असतं. सर्वसाधारण कराला अर्ध्याहून एक जास्त मत पुरतं. विशेष कराला दोन तृतीयांश लागतात.

इथे थोडं थांबा. ‘पैसा कुठेही वापरू’ म्हणणाऱ्याला ५० टक्के, आणि ‘फक्त लायब्ररीसाठीच वापरू, लिहून देतो’ म्हणणाऱ्याला ६६.६७ टक्के. जो स्वतःला बांधून घेतो त्याच्यासाठी उंबरठा जास्त उंच. साहजिकच शहरं उंबरठा कमी असलेलं दार निवडतात: कर सर्वसाधारण, आणि प्रचार मात्र पोलीस, खड्डे, लायब्ररी यांचा. घरी येणाऱ्या रंगीत पत्रकावर अग्निशमन दलाचा हसरा जवान असतो. मतपत्रिकेवरच्या मजकुरात ‘सर्वसाधारण सरकारी कामांसाठी’ असे शब्द असतात. दोन्ही एकाच प्रस्तावाबद्दल असतात. कायद्यानं बांधणारे शब्द मतपत्रिकेवरचे.

स्टॉकटनची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सॅन होजेपासून गाडीनं दीडेक तासावरचं, सुमारे तीन लाख वस्तीचं शहर. घरांचा फुगा फुटला आणि जून २०१२ मध्ये स्टॉकटननं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यावेळपर्यंतच्या अमेरिकन शहरांच्या दिवाळखोरीत हे सगळ्यात मोठं शहर होतं. पुढच्या वर्षी डेट्रॉइटनं त्याला मागे टाकलं. पोलिसांची संख्या घटलेली, खून वाढलेले. कर्जदारांशी तडजोड करायची तर नवं उत्पन्न हवं, आणि ते मतदारांकडूनच येणार.

नोव्हेंबर २०१३ मध्ये शहरानं एकाच मतपत्रिकेवर दोन प्रश्न मांडले. मेझर ए: पाऊण टक्का विक्रीकर, सर्वसाधारण. मेझर बी: हा पैसा आला तर ६५ टक्के पोलीस आणि गुन्हेगारी कमी करण्यावर, ३५ टक्के दिवाळखोरीतून बाहेर पडण्यावर आणि इतर सेवांवर खर्च करावा का? हा दुसरा प्रश्न निव्वळ सल्ल्यापुरता. त्याला कायद्याचं बळ नाही. पण कर विशेष केला असता तर दोन तृतीयांश मतं लागली असती. सल्ला वेगळा ठेवला म्हणून निम्म्यावर काम झालं. मेझर ए थोडक्या फरकानं मंजूर झालं, शहरातला दर ९ टक्क्यांवर गेला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये स्टॉकटन दिवाळखोरीतून बाहेर आलं.

काही लोक या जोडप्रश्नांच्या पद्धतीला पळवाट म्हणतात. मला ती पळवाट वाटत नाही. ज्या शहरात फोन केल्यावर पोलीस यायला वेळ लागतो त्यानं ६६ टक्क्यांची वाट बघत बसावं असं मी म्हणू शकत नाही. पण ‘सल्ला’ या शब्दाचा अर्थ मतदाराला माहीत असायला हवा. पुढच्या कौन्सिलनं तो पाळला नाही, तर त्याबद्दल जाब निवडणुकीतच विचारावा लागतो.

६६.६७ हा आकडा किती निष्ठुर आहे याची दोन उदाहरणं. २००८ साली सँटा क्लॅरा काउंटीतल्या बार्टच्या त्या अष्टमांश कराला ६६.७८ टक्के मतं पडली. आठवडेच्या आठवडे मोजणी चालली आणि तो जेमतेम तरला. २०१२ साली लॉस एंजेलिस काउंटीत वाहतुकीचा अर्धा टक्का कर आणखी ३० वर्षं चालू ठेवण्याचं मेझर जे आलं. त्याला ६६.१ टक्के मतं मिळाली आणि ते पडलं. शंभरातल्या सहासष्ट लोकांनी हो म्हटलं आणि उत्तर नाही आलं. चार वर्षांनी लॉस एंजेलिसनं मेझर एम आणलं, मुदतच न ठेवलेला अर्धा टक्का, आणि त्याला ७१ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली.

यात २०१७ साली एक नवं वळण आलं. अपलँड नावाच्या छोट्या शहरातल्या गांजाच्या दुकानांवरून सुरू झालेला खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालय म्हणालं, नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेला प्रस्ताव आणि सरकारनं आणलेला प्रस्ताव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या निकालांमधून अर्थ निघाला तो असा: विशेष कर नागरिकांनी सह्या गोळा करून आणला असेल, तर त्याला साधं बहुमत पुरतं. लॉस एंजेलिस काउंटीत बेघरांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला अर्धा टक्का याच वाटेनं आला. बार्ट, कॅलट्रेन आणि बसगाड्या वाचवण्यासाठी बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतालच्या, पाच काउंट्यांत नोव्हेंबर २०२६ मध्ये विक्रीकराचा प्रस्ताव आणता यावा असा कायदा २०२५ मध्ये झाला, त्यातही सह्यांची ही वाट मोकळी ठेवली आहे. म्हणून हल्ली दुकानाबाहेर पॅड घेऊन उभं असलेलं कुणी ‘सही करणार का?’ म्हणून विचारलं, तर ती सही नेमकी कशावर आहे ते विचारा. त्या सह्यांनी ६६ चे ५० होतात.

आणि सर्वसाधारण कराचं पुढे काय होतं? अलामेडा काउंटी बघा, म्हणजे फ्रीमाँट आणि ओकलंडची काउंटी. २०२० साली तिथे मेझर डब्ल्यू हा अर्धा टक्क्याचा सर्वसाधारण कर निम्म्याची रेघ कशीबशी ओलांडून मंजूर झाला. प्रचारात बेघरांचा प्रश्न पुढे होता. लगेच खटला झाला आणि पैसा वर्षानुवर्षं बाजूला पडून राहिला. खटला मिटल्यावर २०२५ मध्ये काउंटीच्या मंडळासमोर प्रश्न आला की आता हा कशावर खर्चायचा. त्यांनी ८० टक्के बेघरांसाठी ठेवले. चांगलं केलं. पण ते ठरवण्याची मोकळीक त्यांना होती.

हा कर कुणाच्या खिशातून जातो

विक्रीकर मला मनापासून आवडत नाही, आणि तरी मी त्याच्या बाजूनं अनेकदा बोललो आहे. न आवडण्याचं कारण साधं आहे. वर्षाला ६०,००० डॉलर कमावणाऱ्या घरात हाती येईल ते सगळं खर्च होतं: बूट, साबण, जुन्या गाडीचे टायर, बिघडलेलं वॉशिंग मशीन. ४ लाख कमावणाऱ्या घरात बराच पैसा खर्च होण्याआधीच बचतीत आणि शेअर्समध्ये जातो, त्यावर विक्रीकर नाही. कर दोघांना सारख्या दरानं, पण उत्पन्नाच्या मानानं गरिबाला जड. डायपर आणि सॅनिटरी पॅड यांना २०२० पासून सूट मिळाली ती याच जाणिवेतून.

त्यात भर म्हणजे हा कर मुख्यतः हाताला लागणाऱ्या वस्तूंवर आहे. पूर्वी सिनेमाची डीव्हीडी विकत घेतली की कर लागायचा. आता तोच सिनेमा फोनवर बघितला तर कॅलिफोर्नियात विक्रीकर नाही. वकील, अकाउंटंट, जिम, केस कापणं यांनाही नाही. आपला खर्च वस्तूंकडून सेवांकडे सरकत चाललाय, तसतसा हा कर आक्रसत चाललाय. मग तेवढाच पैसा उभा करायला दर वाढवावा लागतो, आणि तो पुन्हा टायर घेणाऱ्यावर पडतो.

आणखी एक परिणाम शहरांच्या रूपावर झालाय. विक्री जिथे होते त्या शहराला १ टक्का मिळतो, त्यामुळे शहरांना घरांपेक्षा मोठी दुकानं आणि गाड्यांचे शोरूम हवेसे वाटतात. फ्रीवेच्या कडेला एकापुढे एक उभे असलेले ते ऑटो मॉल उगाच तिथे नाहीत. एक गाडी विकली गेली की शहराला शेकडो डॉलर. शंभर घरं बांधली तर मात्र पाणी, पोलीस यांचा खर्च आधी दिसतो. घरांच्या टंचाईला कारणं अनेक आहेत, त्यातलं हे एक.

क्युपर्टिनोमध्ये हे टोकाला गेलं. अनेक मराठी कुटुंबं शाळांसाठी या गावात घर घेतात. ॲपलच्या कॅलिफोर्नियातल्या ऑनलाइन विक्रीवरचा हा शहरी वाटा मोठ्या प्रमाणात या एका शहराच्या नावावर जमा होत होता, आणि कंपनीशी झालेल्या करारानुसार शहर त्यातला ३५ टक्के कंपनीला परत देत होतं. राज्याच्या कर खात्यानं तपासणी केली आणि विक्री क्युपर्टिनोत झाली असं मानण्यावरच आक्षेप घेतला. शहरानं विक्रीकराच्या उत्पन्नाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जाईल असा हिशेब मांडला आणि खर्चाला कात्री लावली. इतकी श्रीमंत वस्ती, पण पाया एकाच खांबावर. मतदारांनी वरून लावलेल्या करात हा घोळ होत नाही, कारण तो माल जिथे पोचतो त्या ठिकाणाप्रमाणे जमा होतो. तुम्ही फोनवरून मागवलेलं खोकं तुमच्या दारात आलं की तुमच्या काउंटीचा कर.

पंचाहत्तर शब्द

मतपत्रिकेवर प्रश्न जास्तीत जास्त ७५ शब्दांत विचारायचा असतो. एवढ्या जागेत कराचा दर, मुदत आणि वर्षाला अंदाजे किती पैसा येईल हे सांगणं कायद्यानं सक्तीचं आहे. त्यातले बरेचसे शब्द छान वाटण्यासाठी लिहिलेले असतात. मी ते पेन्सिलीनं खोडतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मतपत्रिकेसोबत आलेली पुस्तिका उघडायची, ‘जीवनावश्यक सेवा टिकवण्यासाठी’ वगैरे सगळं खोडायचं आणि काय उरतं ते बघायचं. बहुतेकदा चारच गोष्टी उरतात: किती टक्का, किती वर्षं, दरवर्षी किती पैसा, आणि कुठल्या खात्यात.

मुदतीकडे विशेष लक्ष द्या. ‘मतदार रद्द करेपर्यंत’ असं लिहिलं असेल तर व्यवहारात तो कायमचा कर. १५ वर्षं लिहिलं असेल तर चौदाव्या वर्षी ‘कर न वाढवता चालू ठेवण्यासाठी’ असा नवा प्रश्न येणार, हे आजच धरून चाला. मग पुस्तिकेतलं शहराच्या किंवा काउंटीच्या वकिलानं लिहिलेलं तटस्थ विश्लेषण वाचा. बाजूच्या आणि विरोधातल्या युक्तिवादांपेक्षा ते कोरडं असतं, पण कर सर्वसाधारण आहे की विशेष हे तिथे स्पष्ट लिहिलेलं सापडतं. स्थानिक करांच्या एकूण बेरजेला कायद्यानं सर्वसाधारणपणे २ टक्क्यांची मर्यादा आहे. सॅन होजेसारख्या ठिकाणी ती ओलांडलेली दिसते, कारण विधिमंडळ अधूनमधून खास सूट देतं.

‘स्वतंत्र नागरिक देखरेख समिती’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात असतात. या समित्या बहुधा खर्च झाल्यावर हिशेब तपासतात आणि अहवाल लिहितात. खर्च थांबवण्याचा अधिकार त्यांना सहसा नसतो.

आता आपल्यापैकी अनेकांना टोचणारी गोष्ट. एच-१बी वर असलेला माणूस, ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं उभं असलेलं कुटुंब, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा, सगळे हा कर भरतात. मत मात्र फक्त नागरिकाला. कुकरवरचे दहा डॉलर दुकानदार सगळ्यांकडून सारखेच घेतो. मी स्वतः इतकी वर्षं कर भरला आणि मतपत्रिका शेजाऱ्याच्या टपालपेटीत पडताना बघितली, की ज्या वर्षी ती माझ्या नावानं आली तेव्हा मी पाकीट फोडायला संध्याकाळ होऊ दिली, बायको घरी येईपर्यंत.

पण मत नसलं तरी तोंड आहे. कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन ॲक्टनुसार सिटी कौन्सिलच्या आणि अशा समित्यांच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात, आणि तिथे जनतेला बोलायला वेळ ठेवावाच लागतो. नागरिकत्व विचारलं जात नाही. आत येण्यासाठी नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही.

नागरिक होण्याआधी मी अशा एका देखरेख समितीच्या बैठकीला गेलो होतो. लायब्ररीच्या मागच्या खोलीत, संध्याकाळी साडेसहाला. टेबलाभोवती समितीचे पाच जण, हिशेब घेऊन आलेली एक अधिकारी, आणि श्रोत्यांच्या वीस खुर्च्यांवर आम्ही दोघं: मी आणि सायकलचं हेल्मेट मांडीवर ठेवून बसलेले एक आजोबा. अधिकारी पान पान उलगडून सांगत होती. बोलण्याची पाळी आली तेव्हा आजोबा उठले आणि म्हणाले, प्रस्तावात लायब्ररी रविवारी उघडी ठेवू असं म्हटलं होतं, मागच्या तीन रविवारी मी येऊन परत गेलो, ते पैसे कोणत्या ओळीत आहेत? खोलीत कुणी काही बोललं नाही. तिनं चष्मा वर सरकवला, मागे जाऊन बाराव्या पानावर आली आणि एका ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली. समितीच्या पाचही जणांनी आपापलं बारावं पान उघडलं. मीही उघडलं.